आवाज आला होता

वस्ताद, दोन महिन्यांपूर्वी मंचरच्या एका दवाखान्यात एका पोरीने मला तुमचा प्रश्न विचारला. पोर म्हणजे डॉक्टरीण, माझ्या धाकट्या लेकीच्या वयाची. बटाट्याच्या शेतात बांधावरून पाय घसरून मी पडलो होतो आणि उजवा गुडघा सुजून मांडीएवढा झाला होता. तिने गुडघा दाबून पाहिला, इकडे तिकडे वळवून पाहिला आणि कागदावर लिहिता लिहिता, वर न बघता म्हणाली, "काका, पडलात तेव्हा आतून आवाज आला होता का?" मी तिच्या पेनाकडे बघत राहिलो. तिला वाटलं म्हाताऱ्याला कमी ऐकू येतं, म्हणून तिने मोठ्याने विचारलं. शेजारी आमची मंडळी उभी होती, ती वैतागली. "अवो, सांगा की. आला का न्हाई?" मी म्हणालो, आला होता. तिने लिहून घेतलं, ऑपरेशन लागेल म्हणाली, कुठला स्क्रू घालतात ते समजावून सांगितलं. मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. दोनच शब्द होते, वस्ताद. माझ्या तोंडातून बाहेर पडायला त्यांना चौतीस वर्षं लागली आणि पडले तेही भलत्याच माणसापुढे.

आता ऑपरेशन होऊन पाच-सहा आठवडे झाले. पाय समोरच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर ठेवून मी ओट्यावर बसलोय आणि नातवाच्या वहीतली पानं फाडून लिहितोय. मला पत्र लिहायची सवय नाही हे तुम्हाला माहीत आहे. पुण्याच्या तालमीतून मी तुम्हाला जी पत्रं टाकायचो त्यात दोन ओळी असायच्या, खुशाल आहे आणि तूप संपलं. पैलवानाची अक्कल गुडघ्यात असते म्हणतात, तर तो गुडघाच उघडल्यामुळे असेल, थोडी बाहेर आली आहे. म्हणून आधी मुख्य गोष्ट लिहून टाकतो, नाहीतर मी इकडचं तिकडचं लिहीत बसेन आणि ते राहून जाईल. तुम्ही जाईपर्यंत समजत होतात की त्या पैलवानाचा हात तुमच्या हाताने गेला. तसं नाही. त्याचं हाड तुम्ही हात लावायच्या आधीच मोडलेलं होतं. मला ते माहीत होतं आणि तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोललो.

तुमच्या घरी मी राहायला आलो तेव्हा चौदा वर्षांचा होतो. बापाने एक पोतं बाजरी आणि मला तुमच्या अवसरीच्या दारात उतरवलं आणि तो मागे न बघता निघून गेला. रडू येत होतं ते तुमच्या मंडळींनी, आमच्या मावशींनी, ओळखलं. त्यांनी मला चुलीपुढे बसवलं, ताटलीत भाकरी कुस्करून त्यावर दूध ओतलं आणि म्हणाल्या, "आदी खा. रडाया वर्स पडलंय." त्या चुलीपुढे मी पुढची दहा वर्षं जेवलो. पहाटे चारला तुमची काठी आमच्या पायांवर पडायची, मग जोर, बैठका, मग आखाड्याच्या हौद्यात उतरायचं. ती माती तुम्ही पोरांसारखी जपायचात. ताक, लिंबू, हळद, तेल घालून खोऱ्याने खालीवर करायला लावायचात आणि एखाद्याने चुकून चप्पल घालून कडेवर पाय ठेवला की दिवसभर त्याच्याशी बोलायचा नाहीत. शिव्या दिल्या असत्यात तर परवडलं असतं.

आणि रविवारी हाडं बसवून घ्यायला लोक यायचे. सकाळी सातपासून तालमीच्या ओट्यावर रांग लागायची. पेठ, लोणी, पार घोडेगावच्या वरच्या डोंगरातून लोक यायचे. कोणाचा खांदा उतरलेला, कोणाचं मनगट सरकलेलं, बैलाने पाडलेले, मोटारसायकलवरून पडलेले. तुम्ही कोणाकडून काही घ्यायचा नाहीत, फार तर मारुतीपुढे नारळ फोडा म्हणायचात. मी तेल गरम करून द्यायचो आणि माणूस धरून ठेवायचो, म्हणून सगळं जवळून पाहिलंय. हात लावायच्या आधी तुम्ही प्रत्येकाला एकच विचारायचात, "आवाज आला व्हता का?" नाही म्हणाला तर तुमची बोटं कामाला लागायची. हो म्हणाला तर तुम्ही हात मागे घ्यायचात. "मोडलंय. मी बसवनारा हाय, जोडनारा न्हाई. गाडी बगा आन दवाखान्यात जा." एकदा एक बागायतदार हट्टालाच पेटला, दवाखान्यात चिरफाड करतात, तुम्हीच बघा म्हणाला. तुम्ही त्याला हात धरून ओट्याखाली उतरवलंत आणि म्हणालात, "मोडल्याल्या हाडाला वडलं तर आतली शीर जाती. हात ऱ्हाईल, पन हाताचं काम ऱ्हानार न्हाई." हे मी बाजूला तेलाची वाटी धरून ऐकलं होतं. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायलाही जागा नाही.

ती यात्रा पूर्वेकडच्या गावची. शेवटची कुस्ती, मानाची गदा, आणि जोड लागली माझी आणि लोणीकडच्या त्या पैलवानाची. तो माझ्यापेक्षा वर्षाने मोठा, अंगाने उजवा, आणि खरं सांगायचं तर खेळानेही उजवा. पंधरा मिनिटं झाली तरी निकाल लागेना. पंच एकमेकांकडे बघायला लागले की आता ही बरोबरीत सोडणार. बरोबरीत सुटली असती तर गदा परत पेटीत गेली असती आणि मी परत नारळाच्या आणि फेट्याच्या किरकोळ कुस्त्या खेळत बसलो असतो. हलगी कडाडते आहे, लोक उभे राहिलेत, झाडावर पोरं चढलीत. तेवढ्यात त्याचा पाय मातीत सरकतो आणि तो खाली बसतो. मी पाठीवर जातो, त्याचा उजवा हात मागून गुंतवतो, हप्ता भरतो. हा डाव तुम्हीच माझ्याकडून हजार वेळा घोटून घेतला होता, की हात असा अडकवायचा आणि खांद्यावरून माणूस उताणा फिरवायचा. माझा कान त्याच्या खांद्याला लागलेला आहे. आणि मी अर्धा फिरवलेला असताना आतून आवाज येतो.

ओली काटकी मोडावी तसा, बारीक. हलगीत तो कोणाला ऐकू जाणं शक्यच नव्हतं. पंचांना नाही, तुम्हाला नाही. त्याच्या तोंडून हूं की चूं नाही. मला तिथे सोडता आलं असतं. हात वर करून पंचाला बोलवायचं, बस एवढंच. मी सोडलं नाही. त्याच मोडलेल्या हातावर सगळा भार टाकून मी त्याला पूर्ण फिरवला आणि पाठ लावली. लोकांनी मला खांद्यावर घेतलं, फेटा बांधला, गदा हातात दिली. वरून मला दिसत होतं की तो डाव्या हाताने उजवा हात धरून बसलाय आणि तुम्ही, माझे वस्ताद, माझ्याकडे न येता त्याच्याकडे गेलात. त्या गावात तुमच्याइतका जाणता दुसरा कोणी नव्हता. त्याला शाळेच्या खोलीत नेलं. बऱ्याच वेळाने तुम्ही दारात आलात आणि मला बोटाने बोलावलंत. गुलाल अंगावर तसाच होता.

तुम्ही म्हणालात, "हप्ता भरला तवा आवाज आला व्हता का?"

मी म्हणालो, "न्हाई वस्ताद."

तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. तुमच्या उजव्या हाताची बोटं तुम्ही डाव्या हातात चोळत होतात. म्हणालात, "बोटाला काईतरी येगळं लागतंय. सूज लई हाय, समजंना. नीट आठव. तुजा कान तितंच व्हता." मी दुसऱ्यांदा नाही म्हणालो. का म्हणालो, ते मी इतकी वर्षं स्वतःला वेगवेगळं सांगत आलो. घाबरलो होतो, लहान होतो, गर्दी होती. चोवीस वर्षांचा माणूस लहान नसतो. खरं कारण एवढंच की हो म्हणालो असतो तर तुमचा पुढचा प्रश्न ठरलेला होता, आवाज आला तर सोडलं का नाहीस. आणि मग ती गदा तुम्ही माझ्या हातातून काढून स्वतः पंचांपुढे नेऊन ठेवली असतीत. तुम्ही ते केलं असतंत, याची मला आजही शंका नाही. तुम्ही आत गेलात. थोड्या वेळाने त्याची किंकाळी ऐकू आली. तुम्ही खांदा ओढून बसवला होता.

पंधरा दिवसांनी कळलं की त्याची बोटं हलत नाहीत. पुण्याला नेलं तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं की हाड मोडलं होतं आणि वर कोणीतरी ओढल्यामुळे शीर कायमची गेली. त्याच्या घरचे लोक टेम्पो भरून आपल्या तालमीपुढे आले. मी आतल्या खोलीत होतो. तुम्ही बाहेर जाऊन डोक्यावरची टोपी काढलीत आणि म्हणालात, "माजी चूक झाली. माज्या हाताला कळाया पायजे व्हतं." कोणावर ढकललं नाहीत. 'मी माझ्या पठ्ठ्याला विचारलं होतं, तो नाही म्हणाला', एवढंसुद्धा तुमच्या तोंडून निघालं नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही एकटेच एसटीने त्याच्या गावाला गेलात आणि संध्याकाळी आलात ते न जेवता झोपलात. रविवारची रांग बंद झाली. कोणी विचारलं तर तुम्ही म्हणायचात, "माजा हात उतरला आता." आम्हाला वाटलं, तुम्हीच सोडलं.

माझं मात्र त्या गदेने कल्याण झालं. पुण्याच्या तालमीत जागा मिळाली, साखर कारखान्याने संघात घेतलं, यात्रांच्या हँडबिलांवर माझा फोटो यायला लागला. चैत्र-वैशाखात एका दिवसाआड मैदान असायचं. निघताना तुम्ही मला तुमची घोंगडी दिलीत आणि म्हणालात, "शहराची थंडी खराब आसती." ती मी कधी अंगावर घेतली नाही. घडी करून ट्रंकेत ठेवली, तुम्हाला सांगायचो की रोज घेतो. बारा सीझन खेळलो, पण हप्ता पुन्हा भरला नाही. खाली बसलेला गडी हातात आलेला असायचा आणि माझा हात गळायचा. दोन मोठ्या कुस्त्या त्याच्यापायी गेल्या. दुसरी गेली तेव्हा तुम्ही मैदानातच माझ्यावर ओरडलात, "हातात आल्याला गडी सोडतो? हप्ता भराया काय झालं व्हतं?" मी मान खाली घालून उभा राहिलो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या मनात ते बारा वर्षं होतं आणि लोकांना वाटायचं मी हप्ता सोडायचा देवाला नवस बोललोय.

तुम्ही आजारी पडलात तेव्हा मला संधी होती. मी आठ दिवस तुमचे पाय दाबत बसलो होतो. तुमचे हात पांघरुणावर पडलेले असायचे, बोटं अजून जाड, पण रिकामी. एका दुपारी घरात कोणी नव्हतं. तुम्ही डोळे उघडून माझ्या गुडघ्यांकडे बघितलंत आणि म्हणालात, "उजव्यावर भार जास्ती टाकतूस. म्हातारपनी तरास देईल." मी हो म्हणालो. मला वाटलं, आता सांगावं. मग वाटलं, मरणाऱ्या माणसाला कशाला त्रास. केवढा मनाचा मोठेपणा. त्यानंतर चौथ्या दिवशी तुम्ही गेलात आणि खांदा द्यायला मी पुढच्या बाजूला होतो.

एवढ्यावर संपलं असतं तरी मी हे लिहिलं नसतं. चार वर्षांपूर्वी तुमच्या अवसरीत नवीन तालीम बांधली. आत मॅट आहे, आता पोरीसुद्धा खेळायला येतात, चांगल्या खेळतात. नाव काय द्यायचं यावर मारुतीच्या देवळात बैठक बसली. मला पाहुणा म्हणून पुढे खुर्ची दिली होती. एका तरुणाने तुमचं नाव सुचवलं. त्यावर एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, "राव, मानूस चांगला व्हता, नाय कोन म्हनतंय? पन ज्याच्या हातानं जित्ता पैलवान लुळा झाला त्याचं नाव तालमीला नको." सगळे माझ्याकडे बघत होते, कारण तुमचा पठ्ठा म्हणून मीच उरलोय. मी बशीत चहा ओतला आणि प्यायलो. शेवटी देवाचं नाव दिलं, म्हणजे कोणाचंच भांडण नको. घरी आलो तर बायको म्हणाली, काय ठरलं. मी म्हणालो, ठरलं काहीतरी. त्या रात्रीपासून माझी मला किळस यायला लागली होती, पण किळस आली म्हणून माणूस खरं बोलतो असं नाही. त्या डॉक्टरीण पोरीने विचारल्यावर मात्र राहवेना.

काठी घेऊन चालायला लागलो तसा परवा पोराच्या गाडीवर मागे बसून लोणीकडे गेलो. पोराला सांगितलं, तासाभराने ये, पण दिवस असताना ये, वाटेत ऊस आहे आणि बिबट्या परत दिसलाय म्हणतात. तो पैलवान पिठाची गिरणी चालवतो. उजवा हात सदऱ्याच्या बाहीत नुसता लोंबतो, डाव्या हाताने तो डबे उचलतो, पट्टा चढवतो, सगळं करतो. केस पांढरे की पिठाने पांढरे ते कळत नाही. मला बघून म्हणाला, "या पैलवान. लंगडता व्हय? बसा, येवडं दळान काडतो." गिरणीच्या आवाजात बोलणं शक्य नव्हतं. मी पोत्यावर बसलो. ते दळण संपेपर्यंत मला दोनदा वाटलं की उठून निघून जावं. मग त्याने गिरणी बंद केली, डब्याला झाकण लावलं आणि माझ्यासमोर पालथ्या डब्यावर बसला.

मी म्हणालो, "तुला यक सांगाया आलोय. त्या दिशी आवाज आला व्हता. मी ऐकला. ऐकूनबी तुला फिरवला. आन वस्तादांनी इचारलं तवा न्हाई म्हनलो. त्यांची काय चूक नवती."

तो डाव्या हाताने गुडघ्यावरचं पीठ झटकत राहिला. मला वाटलं तो आता मला बाहेर काढेल आणि त्याने काढावं असंच मला वाटत होतं. तो म्हणाला, "मलाबी आला की आवाज. माज्याच अंगात झाला, मला न्हाई ऐकू येनार?"

मला काही समजेना. तो म्हणाला, "तुज्या वस्तादांनी मला इचारलं व्हतं. शाळंच्या खोलीत. आदी मलाच इचारलं. मी न्हाई म्हनलो."

"का?"

"का म्हंजे? हो म्हनलं आसतं तर दवाखाना, पलस्तर, सा म्हयनं घरात. फुडल्याच आठवड्यात आमच्या गावची यात्रा. घरच्या मैदानावर माजं नाव लागल्यालं. म्हनलं, ह्यो मानूस बसवतोय चांगलं, आठ दिसात मोकळा हुईन. तवा अक्कल कुटं व्हती?" मग थोडं थांबून म्हणाला, "वस्ताद भाईर गेले तवा मी समजलो की तुला इचाराया गेल्यात. मी वाट बगत व्हतो. मनात म्हनलं, मी न्हाई म्हनलो तरी ह्यो सांगंल. तुज्या कानापाशीच झाला व्हता."

एक बाई दळण घेऊन आली, तिला तो म्हणाला, लाईट गेली, उद्या या. लाईट होती. मग मला म्हणाला की, घरच्यांनी वस्तादांवर आळ घेतला तेव्हा मी अंथरुणावर होतो आणि गप्प बसलो. नंतर वस्ताद एकटे घरी आले, पायाशी बसले, तेव्हाही गप्प बसलो. मग वर्षं गेली तशी ती गोष्ट खरीच झाली. "दोनी बाजूंनी दोन पैलवान सांगत्यात न्हाई म्हनून," तो म्हणाला, "त्यो बिचारा बोटाचं ऐकंल का आमचं?"

वस्ताद, मला तेव्हा काय वाटलं ते लपवत नाही. मला बरं वाटलं. छातीवरचा गडी उठावा तसं वाटलं. चौतीस वर्षं मी एकटाच होतो तिथे आता दोघं झालो, म्हणून बरं वाटलं. तुमच्या बाजूने बघायचं भानच राहिलं नाही, की तुम्हाला एक नाही तर दोन जणांनी फसवलं, तुम्ही ज्यांच्या शब्दावर स्वतःच्या बोटांपेक्षा जास्त भरवसा ठेवलात त्या दोघांनीही. निघताना तो म्हणाला, "वस्तादांची म्हातारी हाय ना आजून? तिला सांग. माजंबी सांग. मला तिच्यापुडं याया त्वांड न्हाई."

तिथून पोराला म्हणालो, अवसरीला चल. मावशी आता भाच्याकडे असतात. डोळे जवळजवळ गेलेत, कान तिखट आहेत. पडवीत बसून मटार सोलत होत्या. मी उंबऱ्यात पाय ठेवला तसं म्हणाल्या, "कोन पैलवान? पाय वडत आलास." मी शेजारी बसलो, त्यांनी हात पुढे करून माझा गुडघा चाचपला, टाक्यांवरून अंगठा फिरवला. मग मी सांगितलं. दोघांचंही सांगितलं. त्या शेंगा सोलत राहिल्या. सगळं सांगून झाल्यावर मी म्हणालो, "गावात बैठक बोलवून सांगतो. माईकवर सांगतो. तालमीला त्यांचं नाव लावाया लावतो."

"लाव," त्या म्हणाल्या. "पन कुनाला सांगशील? ज्यांनी बोल लावला त्येबी गेले." मग पदरातली सालं खाली झटकून म्हणाल्या, "तुमाला वाटलं त्यांनी सोडलं. त्यांनी न्हाई सोडलं. मानसं यायची बंद झाली. लाजेकाजेस्तव म्हनायचे, हात उतरला. पन इतवारी पाटं उटायचे, त्याल चुलीवर ठिवायचे आन दारात जाऊन बसायचे. दोन-तीन वर्सं तसंच. उनं वर आली तरी कुनी यायचं न्हाई. मंग वाटी घिऊन आत यायचे आन मला म्हनायचे, पाय कर फुडं. माजं गुडगं चोळत बसायचे. मी म्हनायची, आवो, माजं गुडगं दुकत न्हाईत. तर म्हनायचे, आसू दे, त्याल वाया जातंय."

त्यांचा आवाज बदलला नाही, डोळ्यांत पाणी आलं नाही. माझ्या आलं. त्यांना दिसत नव्हतं हे एक बरं होतं. माफ केलं म्हणाल्या नाहीत आणि मीही मागितलं नाही. आत भाचेसुनेला हाक मारून म्हणाल्या, पैलवानाला चहा टाक, दुधाचा. मी तो प्यायलो. निघताना त्यांनी मटारची पिशवी पोराच्या हातात दिली.

बैठक येत्या शनिवारी आहे. मी अवसरीच्या सरपंचाला फोन करून विषय सांगितलाय, म्हणजे आता मागे फिरता येणार नाही. तो लोणीचा पैलवान येतो म्हणालाय, येईल की नाही कोणास ठाऊक. लोक काय म्हणतील ते म्हणोत, मला आता कुठे यात्रेत फेटा बांधून घ्यायचाय. हा कागद मात्र कोणाला दाखवणार नाही. पाठवायला पत्ता नाही आणि आमच्या घरात कोणाच्या हाती लागला तर उगाच रडारड. नातवाला वहीची पानं का फाडली म्हणून शाळेत बोलणी बसतील, तेवढी नवीन वही आणून देतो.

एकच लिहायचं राहिलं. मावशींपुढे बसल्यावर, एवढ्या वर्षांनी, एवढं ठरवून गेल्यावर, माझ्या तोंडातून पहिलं वाक्य निघालं ते असं होतं, "मावशी, त्या पैलवानानं वस्तादांना खोटं सांगितलं व्हतं." माझं मी त्यानंतर सांगितलं, वस्ताद.